निळे मीटर, जाड ॲल्युमिनियम आणि स्नो व्हाइटची शवपेटी

खर्जातला_सा (धागाकर्ता)

मंडळी, ऑडिओवरच्या आपल्या चर्चा एकाच रुळावरून धावतात. कुठला अँप (अँप्लिफायर), कुठले स्पीकर, केबलने फरक पडतो का, आणि तिसऱ्या पानावर हाणामारी. या धाग्यात आवाजाला थोडा वेळ बाहेर बसवू. बोलायचंय ते या यंत्रांच्या दिसण्याबद्दल. 'दिसण्याचं काय घेऊन बसलात, कान महत्त्वाचे' म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार, कारण फोनच्या वॉलपेपरला मॅकिन्टॉश या अमेरिकी कंपनीच्या अँपवरच्या निळ्या मीटरचा फोटो हीच मंडळी लावतात.

सुरुवात १९५६ पासून. तोवर दिवाणखान्यातला रेडिओग्राम हे फर्निचर होतं. चकचकीत पॉलिश, सोनेरी पट्ट्या, समोर कापड, दोन दारं. यंत्र लपवायचं आणि कपाट दाखवायचं, असा एकूण हिशेब. त्या वर्षी जर्मनीतल्या ब्राउन कंपनीने एसके ४ नावाचा रेडिओ-कम-रेकॉर्डप्लेअर आणला. तो केला होता उल्मच्या डिझाइन शाळेतल्या हान्स गुगेलॉटने आणि पंचविशीच्या आतल्या डीटर राम्सने. पांढरा रंगवलेला पत्रा, दोन बाजूंना एल्म लाकडाच्या फळ्या, आणि दार नाहीच. झाकणही आधी पत्र्याचंच ठरलं होतं, पण गाणं मोठ्याने लागलं की पत्रा थरथरणार. म्हणून राम्सने पारदर्शक ॲक्रिलिक सुचवलं. आतली तबकडी, दांडा, बटणं सगळं उघडं पडलं. लोकांनी थट्टेने त्याला 'स्नो व्हाइटची शवपेटी' म्हटलं. पुढे तेच झाकण जगभरच्या टर्नटेबलांवर जाऊन बसलं, इतकं की आज ते कुणी 'डिझाइन' म्हणून मोजतही नाही.

दुसरं उदाहरण माझं सर्वात लाडकं. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनचा टर्नटेबल बिओग्राम ४०००, साल १९७२, डिझायनर याकोब येन्सन. रेकॉर्ड बनवताना कापणारी सुई सरळ रेषेत केंद्राकडे सरकते. आपल्या नेहमीच्या टर्नटेबलचा दांडा मात्र एका टोकाला खिळलेला असतो, त्यामुळे सुई कमानीत फिरते आणि खाचेशी तिचा कोन सतत थोडा चुकत राहतो. बिओग्रामचा दांडा अख्खाच्या अख्खा सरळ आत सरकतो. त्याच्या शेजारी तसाच दुसरा दांडा आहे. त्यात प्रकाशाचा सेन्सर, जो आधी तबकडीवर रेकॉर्ड ठेवलीय का आणि ती किती मोठी आहे हे बघतो, मग सुई खाली येते. दोन समांतर दांडे, सपाट धातू. डोळ्यांना जी शांतता वाटते ती भूमितीतून आलेली आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९७८ मध्ये येन्सनच्या या कामाचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं.

तिसरं बी अँड डब्ल्यूचं नॉटिलस हे स्पीकर, १९९३. ते गोगलगायीसारखं दिसावं म्हणून केलेलं नाही. स्पीकरच्या पडद्यामागून निघणारा आवाज निमुळत्या नळीत जिरवायचा, ही लॉरेन्स डिकीची कल्पना. वरच्या तीन नळ्या सरळ मागे जातात. खर्जाची नळी इतकी लांब झाली की गुंडाळण्यावाचून उपाय नव्हता.

माझं म्हणणं असं की ऑडिओत जी रूपं टिकली त्यांच्या पोटात एखादी खरीखुरी तांत्रिक अडचण आहे. आणि आज महागड्या अँपना जे पुढून वीतभर जाड ॲल्युमिनियम लावतात त्याच्या पोटात फक्त किंमत आहे. पटतंय का? उदाहरणं देऊन भांडा.

(केबलचा विषय काढणाऱ्याला पुढच्या कट्ट्याचं बिल.)

---

पॉपकॉर्न_पाटील

जागा धरून ठेवतो. पु.भा.प्र.

---

गंजलेला_स्क्रू

मी ही यंत्रं विकत घेत नाही, उघडतो. दुरुस्तीचं काम आहे. तेव्हा आतून कसं दिसतं ते सांगतो.

पुढची पाटी बोटभर जाड आणि वरचं झाकण डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचं, असे बरेच बघितलेत. पाटी सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) एका सलग ठोकळ्यातून कोरलेली, कडा मऊ केलेल्या, ॲनोडाइझ (ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर) एकदम एक नंबर. मागची बाजू फिरवा, स्पीकरचे टर्मिनल हलतायत. गिऱ्हाईक मागे बघत नाही ना.

पण सरसकट शिव्या घालू नका. क्लास ए अँपला (ज्यात वीज कायम वाहतच असते) मोठे हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारी धातूची पाती, आमच्या भाषेत पंखे, लागतातच. घेतलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णता होऊन बाहेर पडते, गाणं लावा नाहीतर नका लावू. तिथे दोन्ही बाजूंचे पंखे म्हणजे गरज आहे. मोठा ट्रान्सफॉर्मर वजनदारच असणार, मग त्याला पेलायला तळाची प्लेट जाड लागते. गंमत क्लास डी, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करून चालणारा अँप, आल्यावर झाली. त्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास, गरम फारसं होतच नाही. सर्किट तळहाताएवढं. तरी डबा तेवढाच मोठा, बाजूला पंखेसुद्धा कोरलेले. आत निम्मी हवा. छोट्या डब्याला कोणी तेवढे पैसे देईल का, सांगा.

मॅकिन्टॉशबद्दल मात्र वाकडं बोलणार नाही. त्यांची पुढची पाटी काचेची, आणि अक्षरं काचेच्या मागच्या बाजूने छापलेली. चाळीस वर्षं बोटं फिरली तरी 'व्हॉल्यूम' पुसला जात नाही. बाकीच्यांच्या जुन्या अँपवर बटण कशाचं ते अंदाजाने ओळखायला लागतं.

---

अनुस्वार

धागाकर्ते, लेख सुरेख, पण मूळ मुद्द्याशी असहमत. मी प्रॉडक्ट डिझायनर आहे, आणि 'रूप अडचणीतून जन्मलं' ही गोष्ट आम्ही लोक बहुतेक वेळा काम संपल्यावर रचतो. क्लायंटला ती आवडते.

झाकणाचं ठीक. पण एसके ४ पांढरा का? तेच सर्किट, तोच प्लेअर लाकडी कपाटात उत्तम वाजला असता. तो पांढरा आहे कारण युद्धानंतरच्या जर्मनीतल्या काही लोकांना आजीच्या घरासारखं दिसणारं काहीच नको होतं. ही तांत्रिक बाब नाही, मताची बाब आहे.

त्याहून पक्का पुरावा देते. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर वॉकरच्या क्वाड कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर काढला. पेटी नाही, कोन नाही, एक अतिपातळ ताणलेला पडदा. आवाज असा की आजही लोक जुने जोड दुरुस्त करून वापरतात. दिसायला मात्र खोली गरम करायचा हीटर, तोही लाकडी पायांवर उभा. दोन वर्षांनी ब्राउनने क्वाडकडून परवाना घेऊन तीच यंत्रणा वापरली आणि राम्सने एलई १ केला. साधी आयताकृती चौकट, बारीक धातूचे पाय, करडी जाळी. आतला ऐवज तोच! एकाला लोक हीटर म्हणाले, दुसरा म्युझियममध्ये गेला. अडचण जर रूप ठरवत असती तर दोन्ही सारखे दिसायला हवे होते.

---

खर्जातला_सा

अनुस्वारताई, एलई १ चा बाण वर्मी लागला, पण मी आडवा झालेलो नाही. 😄

दोन्ही स्पीकर उभे, रुंद आणि पातळच आहेत ना? पडद्याचं क्षेत्रफळ ठरलं की ते अपरिहार्य होतं. भिंतीला चिकटवताही येत नाहीत, कारण आवाज मागूनही तेवढाच निघतो. म्हणजे आकारमान आणि खोलीतली जागा यंत्रणेने ठरवली. पाय, जाळी, रंग, प्रमाणं राम्सने. मी 'चेहरा' म्हणत नव्हतो, 'हाडं' म्हणत होतो.

---

अनुस्वार

मग हाडांचं श्रेय वॉकरला द्या आणि चेहऱ्याचं राम्सला. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये दोन्ही एकाच टोपलीत होते.

आणि बाजारात टिकतो तो चेहरा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून मॅकिन्टॉशचे मीटर निळे आहेत. त्या निळ्याची तांत्रिक गरज काय होती? काहीही नाही. पण अंधाऱ्या खोलीत कुणीही लांबून ओळखावं असं दुसरं काही या धंद्यात आहे का ते सांगा.

---

बिनआवाजाचा_भोंगा

मीटरवरून आठवलं. ८८-९० डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला घरात ऐकण्यासाठी सरासरी एखादा वॉट लागतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. तीनशे वॉटच्या अँपचा काटा म्हणूनच डाव्या कोपऱ्यात लोळत पडलेला असायला हवा. मोजपट्टी समान अंतरांची ठेवली तर तो हललेलाही दिसणार नाही. म्हणून मोजपट्टीवरच्या खुणांची मांडणी अशी करतात की ०.०१ वॉटपासून काटा नाचायला लागतो. ते मोजमाप खोटं नाही, पण त्याचा हेतू नाच दाखवणं हाच आहे. अभियंता म्हणून मला याचा राग यायला हवा. येत नाही. माझ्याकडेही मीटरवालाच आहे.

आता जरा गंभीर. दिसण्याचा कानावर परिणाम होतो का, हे मोजलं गेलेलं आहे. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन कंपनीत चाचणी घेतली. तेच स्पीकर, तेच श्रोते. एकदा पडद्याआडून, एकदा डोळ्यांसमोर. पडद्याआड मोठ्यांच्या बरोबरीने गुण मिळवणारा एक छोटा, स्वस्त, प्लॅस्टिकचा संच डोळ्यांसमोर आल्यावर खाली घसरला. मोठे आणि देखणे होते त्यांचं काही बिघडलं नाही. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. स्पीकरची खोलीतली जागा बदलली तर आवाज खरोखर बदलतो. पडद्याआड ऐकणाऱ्यांनी तो फरक नीट पकडला. डोळ्यांसमोर स्पीकर असताना तोच फरक त्यांना कमी जाणवला. म्हणजे डोळे नसलेलं ऐकवतात इतकंच नाही, असलेलं ऐकूही देत नाहीत.

तेव्हा 'आवाजाला बाहेर बसवू' म्हणालात खरं, पण तो दारातून डोकावणारच.

---

जोडराग

वाचतोय, मजा येतेय. माझी बाजू लाकडाची. इटलीतल्या व्हिचेंझाजवळचे स्पीकर बनवणारे सोनुस फाबेर आणि त्यांचे फ्रँको सेर्ब्लिन यांचं नाव अजून कसं आलं नाही? त्यांचा ग्वार्नेरी ओमाज १९९३ चा, म्हणजे नॉटिलसचाच समवयस्क. बाजू ल्यूटच्या पाठीसारख्या वळलेल्या, अक्रोडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेल्या, वर व्हायोलिनसारखं व्हार्निश. समोर कापडाची जाळी नाही, उभ्या लवचीक दोऱ्या, तारा लावल्यासारख्या. पुढे अमाटी आणि स्ट्रॅडिव्हारी अशी नावंही आली. आम्ही तंबोऱ्याच्या देशातली माणसं, आम्हाला हे बघून भरून येणारच. मिरजेत भोपळे निवडताना, ते वाळवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या वळणाची किंमत सांगावी लागत नाही.

---

बिनआवाजाचा_भोंगा

देखणे आहेत, वादच नाही. पण तंबोऱ्याचा भोपळा थरथरतो म्हणून तंबोरा वाजतो. स्पीकरच्या पेटीने थरथरणं हा दोष आहे, तिने गप्प बसायचं असतं. वळणाचा उपयोग वेगळाच आहे. समोरासमोरच्या भिंती समांतर नसल्या की आत लहरी अडकून एकाच स्वराला फुगवत नाहीत, आणि वळलेली भिंत सपाट भिंतीपेक्षा कडक होते. म्हणजे वाद्यासारखं दिसून वाद्यासारखं न वागण्यासाठी ते वळण आहे.

बाहेरच्या आकाराचंही शास्त्र जुनं आहे. अमेरिकेत आरसीएच्या हॅरी ओल्सनने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलं: तोच स्पीकर वेगवेगळ्या आकारांच्या पेट्यांत बसवून मोजला. गोलात आवाजाचा आलेख सर्वात सपाट, घनात मात्र बराच खडबडीत, कारण धारदार कडांवरून आवाज पुन्हा फुटतो. सत्तर वर्षं होऊन गेली. दुकानात जा आणि बघा, चौकोनी खोकीच आहेत. करवत सरळ चालते, दुसरं कारण नाही. धागाकर्त्यांच्या 'अडचणी'त सुताराची अडचणही धरा.

---

जोडराग

'वाद्यासारखं दिसून वाद्यासारखं न वागण्यासाठी' हे वाक्य ढापण्यात येत आहे.

---

नेकारकाठचा

जर्मनीतून. उल्मची शाळा माझ्या घरापासून ट्रेनने तासाभरावर. शाळा १९६८ मध्येच बंद पडली, पण माक्स बिलने बांधलेली इमारत टेकडीवर शाबूत आहे. साधी काँक्रीटची, आत तशीच साधी बाकं. ती बघून आल्यावर एसके ४ वेगळा कळतो. तिथे शोभेची वस्तू ठेवायला जागाच नाही.

आता आपल्या बाजूचा धागा. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले सुधाकर नाडकर्णी साठच्या दशकात याच उल्मच्या शाळेत शिकले. परत आले आणि पवईला आयआयटीत १९६९ मध्ये सुरू झालेल्या आयडीसी या डिझाइन विभागाच्या उभारणीत त्यांचा सिंहाचा वाटा होता. गुगेलॉट स्वतः १९६५ मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत येऊन गेले होते, त्याच वर्षी ते वारले. म्हणजे ज्या घराण्यात एसके ४ जन्मला त्याच घराण्याची गंडाबंधन झालेली शाखा पवईला आहे. तिथून बाहेर पडलेल्यांनी आपल्याकडे बरंच काही केलं. ऑडिओ मात्र फारसं नाही. का, ते अनुस्वारताईच सांगतील.

---

अनुस्वार

कारण विचारणारं कुणी नव्हतं. हायफायचा बाजार तेव्हा चिमूटभर. आयातीवर जबर कर, सुटे भाग मिळेनात. ज्या कंपन्या होत्या त्या जपानी कॅटलॉग समोर ठेवून पाटी काढायच्या: चांदीरंगी ॲल्युमिनियम, ओळीने टॉगल, दोन मीटर. त्यांना दोष देत नाही, गिऱ्हाइकालाही तेच हवं होतं. कोलकात्याच्या सोनोडाइनने पुढे स्वतःची भाषा शोधली, विशेषतः स्टुडिओ मॉनिटरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या स्पीकरमध्ये. आणि पुण्याच्या केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा आणि नेहमीचा वूफर (खर्जाचा स्पीकर) एकत्र करून जे उंच स्पीकर केले ते परदेशात विकले गेले. पुण्यातल्याच कितीतरी लोकांना हे माहीत नाही.

---

जोशीकाका_ठाणे

ठाण्याच्या मर्फीला विसरू नका रे बाबांनो! हाय-एंड नसेल, पण रेडिओच्या रूपावर प्रेम करायला आम्ही तिथेच शिकलो. आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकून त्याचं सगळं रूप झाकायलाही. वाल्वचा सेट, वर रुमाल, त्यावर फुलदाणी. जळला नाही हे नशीब.

---

सुशेगाद_बार्देस

टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलचं नाव कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. तबकडीच्या कडेवरचे ते ठिपके अनेकांना नक्षी वाटते. ती नक्षी नाही. बाजूच्या छोट्या मनोऱ्यातला लाल दिवा सेकंदाला ठरावीक वेळा लुकलुकतो, आणि वेग बरोबर असला की ठिपक्यांची एक रांग जागच्या जागी थांबलेली दिसते. मार्क २ वर चार रांगा आहेत. एक मूळ वेगाची, बाकीच्या अधिक ६, अधिक ३.३ आणि उणे ३.३ टक्क्यांच्या. वेग डोळ्यांनी वाचायचा. सर्वात प्रसिद्ध टर्नटेबलची सर्वात ओळखीची खूण म्हणजे मोजपट्टी आहे. धागाकर्त्याच्या बाजूने एक मत.

अवांतर: लोकांना वाटतं गोव्याच्या किनाऱ्यावरच्या त्या जुन्या पार्ट्यांत हेच वाजत असतील. नाही. वाळू आणि ऊन यात रेकॉर्ड टिकत नाही. तिथले डीजे कॅसेटवर आणि नंतर डॅटवर (डिजिटल टेपवर) वाजवायचे.

---

पॉपकॉर्न_पाटील

बायकोला पसंत पडेल असा हाय-एंड स्पीकर सुचवा राव. परदेशी फोरमवर त्यासाठी चक्क गुणांक असतो. 😂

---

अनुस्वार

पाटील, तो गुणांक मला ठाऊक आहे आणि त्यावर हसायला येत नाही. त्यात गृहीत असं की पुरुषाला आवाज कळतो आणि बाईला पडदे. प्रत्यक्षात दिवाणखान्यात छातीएवढ्या दोन काळ्या पेट्या आणि चार केबल्सचं जाळं कुणालाच नको असतं. पुरुषांनाही नको असतं, फक्त त्यांना तसं म्हणायची लाज वाटते. बँग अँड ओलुफसेनने हे साठ-सत्तरच्या दशकातच ओळखलं होतं. त्यांनी घर आधी धरलं आणि यंत्र त्यात बसवलं. ऑडिओवाल्यांनी त्यासाठी त्यांना 'फर्निचरवाले' म्हणून हिणवलं. तेच लोक आज जाड पाटीवर लाखो घालतात.

---

पॉपकॉर्न_पाटील

ह.घ्या. ताई. मुद्दा पोचला.

---

बिनआवाजाचा_भोंगा

बँग अँड ओलुफसेनवर अर्धवट सहमत. त्यांचा सीडी प्लेअर बिओसाउंड ९०००, १९९६, डेव्हिड लुइसचं काम. सहा सीडी काचेखाली ओळीने, भिंतीवर टांगता येतात. वाजवणारा भाग सरकत एकीवरून दुसरीवर जातो. आणि सीडी वाजून संपली की ठेवताना जशी ठेवली होती बरोब्बर त्याच कोनात थांबते, म्हणजे लेबलावरची अक्षरं वाकडी दिसू नयेत. आवाजाशी याचा काडीचा संबंध नाही. यावर कुणीतरी अभियंत्याने महिने घालवले असतील. मी त्याला सलाम करतो, पण याला 'अडचणीतून जन्मलेलं रूप' म्हणाल तर धागाकर्ते, रूपानेच ही अडचण जन्माला घातली.

---

खर्जातला_सा

हे भारी आहे. उलटा प्रवास. असं आणखी एक सुचतं: डॅन डागोस्टिनोचा मोमेंटम अँप. दोन्ही बाजूंना तांब्याचे ठोकळे, त्यांना भोकं पाडलेली, मधोमध ब्रेगे घड्याळाच्या धाटणीचा गोल मीटर. तांबं ॲल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं हे खरं. मग ते अडचणीचं उत्तर की दागिना?

---

बिनआवाजाचा_भोंगा

दोन्ही, पण दागिना जास्त. हीटसिंकची खरी अडवणूक धातूत नसते, धातू आणि हवेच्या सीमेवर असते. पृष्ठभाग वाढवला की काम होतं. तांबं ट्रान्झिस्टरपासची उष्णता पटकन पसरवतं, पुढे ती हवेत सोडायला पृष्ठभागच हवा. ॲल्युमिनियमचे मोठे पंखे स्वस्तात तेच करतात, पण मग अँप मोठा होतो. तेव्हा प्रश्न असा विचारा: एवढ्या लहान आकारात एवढी ताकद बसवायची हे कुणी ठरवलं? डिझायनरने ठरवलं असेल तर तांबं त्याचा परिणाम. आणि घड्याळाचा मीटर तर सरळ सरळ घड्याळाच्या गिऱ्हाइकासाठी आहे.

---

गंजलेला_स्क्रू

तांबं आपल्याकडे आणा एकदा, मुंबईत खाडीच्या वाऱ्यावर ठेवा आणि मग बघू. लॅकर टिकलं तर ठीक.

या धाग्यात अजून एक गोष्ट राहिली, ती म्हणजे ही रूपं म्हातारी कशी होतात. कॅटलॉगमधला फोटो पहिल्या दिवसाचा असतो. मी विसाव्या वर्षी बघतो. आमच्याकडे येणाऱ्या मालावरून सांगतो.

ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियम सर्वात चांगलं म्हातारं होतं. ओल्या फडक्याने पुसा, परत उभं राहतं. क्रोमवर समुद्राजवळ बारीक पुरळ येतं, ते जात नाही. व्हेनियर (लाकडाचा पातळ थर) चांगल्या गोंदाने लावलेलं असेल तर टिकतं, नाहीतर जुलैत कडेने उचलायला लागतं, आधी खालचा कोपरा. ॲक्रिलिकचं झाकण लोक कोरड्या कपड्याने घासून घासून धुरकट करतात. त्याला मऊ ओलं फडकं, एवढंच.

सर्वात घाण प्रकार म्हणजे रबरासारखा मऊ हाताला लागणारा रंग. नव्वदीनंतर नॉबवर, रिमोटवर, सगळीकडे आला. दुकानात हात लावला की वाटतं काय भारी. दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो, धूळ धरतो, बोट काळं होतं. स्पिरिटने पुसून काढावा लागतो आणि खाली साधं प्लॅस्टिक निघतं. त्या दिवशी मालकाचा चेहरा बघवत नाही.

आणि वूफरच्या कडेचा फोम. आमच्या हवेत तो हाताला लागला की भुगा. वरून जाळी लावलेली असते म्हणून कुणाला दिसत नाही, आणि आवाज फाटला की अँपला दोष. रबराची कड असेल तर एवढी चिंता नाही.

म्हणून मला कुणी विचारलं की डिझाइन चांगलं कुठलं, तर मी म्हणतो जे चार स्क्रू काढून उघडतं ते. काहींचे स्क्रू दिसू नयेत म्हणून पाटीच मागून चिकटवलेली असते. ती काढताना ओरखडा आला तर तो माझ्या नावावर.

---

अनुस्वार

स्क्रू, तुमची ही पोस्ट आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना वाचून दाखवणार आहे. परवानगी गृहीत धरते.

'न दिसणारे स्क्रू' यावर थोडं. राम्सच्या काळात ब्राउनच्या कित्येक यंत्रांवर स्क्रू सरळ समोर दिसतात, आणि दिसण्यातही त्यांची जागा मोजून ठरवलेली असते. लपवण्याची हौस नंतर आली, विशेषतः सलग कोरलेल्या धातूची फॅशन आल्यावर. मला स्वतःला दिसणारा स्क्रू प्रामाणिक वाटतो, पण हीसुद्धा आवडच आहे, तत्त्व नाही.

---

नेकारकाठचा

क्रोनबर्गला ब्राउनचा संग्रह आहे, फ्रँकफर्टच्या बाहेर. युरोपात येणाऱ्यांनी आयफेल टॉवरच्या रांगेतले दोन तास वाचवून तिकडे घालवावेत. डेन्मार्कला गेलात तर स्ट्रुअरचं म्युझियम, तिथे बँग अँड ओलुफसेनचं सगळं कुळ मांडून ठेवलंय. १९२५ पासूनचं.

---

नवीन_कान

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. सगळे प्रतिसाद वाचले, बरंच डोक्यावरून गेलं. माझा प्रश्न लहान आहे. लायब्ररीवाल्या एका काकांकडून जुना क्लास एबी अँप मिळालाय, जपानी, चांदीरंगी पाटी, दोन मीटर. घरी नवीन टीव्ही युनिट करतोय. आईचं म्हणणं, धूळ बसते तर काचेचं दार लावून आत ठेवू, मीटर काचेतून दिसतीलच. सुतारही तयार आहे. दिसायला तर छान दिसेल. चालेल का?

---

गंजलेला_स्क्रू

चालेल, पण आईंना आणि सुताराला दोघांनाही हे सांग. वरची जाळी मोकळी राहायला हवी, अँपच्या डोक्यावर निदान चार-पाच बोटं नाही, एक वीत जागा. मागची फळी काढून टाकायची, किंवा मोठा चौकोन कापायचा, म्हणजे गरम हवा भिंतीच्या बाजूने वर जाईल. खालच्या फळीलाही पुढून फट ठेव, थंड हवा आत यायला. अँपवर सीडी प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्स ठेवायचा नाही. काचेचं दार लावायचंच असेल तर ऐकताना उघडं.

फळी किती वजन घेते ते विचार. ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असतो, ती बाजू खाली वाकते. पाऊण इंची प्लाय घे, पार्टिकल बोर्ड नको. आणि मीटरचे बल्ब गेले असतील तर एलईडी टाकायची घाई करू नकोस, जुन्या बल्बचा पिवळेपणा जातो. मूळ व्होल्टेजचे बल्ब लॅमिंग्टन रोडला मिळतात, जुना बल्ब नमुन्याला घेऊन जा.

---

नवीन_कान

धन्यवाद दादा. मागची फळी काढायला सांगितली. सुतार म्हणतोय मग युनिट डुलेल, कोपऱ्यांना ॲंगल मारून देतो.

---

गंजलेला_स्क्रू

बरोबर बोलतोय. दोन वरती, दोन खालती मार.